खुंटाला बांधलेल्या रिकाम्या नावा

फार पूर्वी, नदीला पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. गाव अलीकडे आणि बाजार पलीकडे. बरेच लहान नावाडी लोकांची ने-आण करत. त्यातल्या एकाने मोठी नाव बांधली. एका खेपेत गाव मावायला लागलं, तसं त्याने भाडं निम्मं केलं.

बाकीचे पाटलाकडे धावले. "मालक, ही नाव फोडा! आमच्या पोटावर पाय आला."

पाटलाचा कारभारी हिशेबाला पक्का. त्याने विचारलं, "लोकांना भाडं जास्त पडतं की कमी?"

"कमी."

"मग मोठं होणं हा काय गुन्हा झाला?"

पाटलाला पटलं. स्वस्त देणाऱ्यावर शेजारचे जळतातच, ते काही नवं नाही.

पुढे लहान नावाडी एकेक करून नावा विकून गेले. त्या सगळ्या मोठ्या नावाड्यानेच घेतल्या आणि घाटावरच्या प्रत्येक खुंटाला रिकाम्या बांधून ठेवल्या. खुंटच मोकळा नाही, तर नवा नावाडी नाव लावणार कुठे?

एक दिवस भाजीवाली माळीण चावडीवर आली. "पाटील, माझी मेथी अलीकडच्या काठावरच सुकते. नाव गच्च भरल्याशिवाय तो हलत नाही. बोललं तर म्हणतो, पोहत जा!"

कारभारी हसला. "भाडं वाढवलंय का त्याने?"

"नाही."

"मग तक्रार कसली, बाई?"

"उद्या माझ्या शेजारी नावेत बसा, मग बोला."

कारभारी खरंच जाऊन बसला. ऊन चढलं. माळीण जुड्यांवर पाणी शिंपडत राहिली. शेवटी कारभारी ओरडला, "अरे, निघ की आता!"

"येऊ द्या अजून चार माणसं, कारभारी. घाईच असेल तर दुसरी नाव बघा!"

कारभाऱ्याने मान वळवली. घाटभर नावा होत्या, पण एकीतही वल्हं नव्हतं.

पलीकडे पोचले तेव्हा बाजार उठत होता. माळणीने मेथी गाईपुढे टाकली आणि कोपऱ्यात जाऊन डोळ्यांना पदर लावला.

परतल्यावर कारभारी म्हणाला, "पाटील, माझा हिशेब अर्धाच होता. मी भाडं धरलं, या बाईचं ताटकळणं धरलंच नाही."

"मग नाव फोडायची?"

"छे! नाव चांगली आहे. खुंट तेवढे मोकळे करा."

दवंडी पिटली: रिकामी नाव घाटावर बांधायची नाही. लगेच शेजारगावचा एक नावाडी आपली डुगडुगती होडी घेऊन आला. तीत जेमतेम तीन माणसं मावत. पण ती खुंटाला लागते न लागते तोच मोठा नावाडी हाका मारू लागला, "चला माळीणबाई, चला! नाव निघाली!"

"का रे बाबा," टोपली चढवत माळीण म्हणाली, "आज पोहायला नाही सांगत?"

तात्पर्य: मोठ्या नावेला भिऊ नये आणि स्वस्त भाड्याला भुलू नये, घाटावर दुसऱ्यासाठी खुंट मोकळा आहे ना, ते आधी पाहावं.