मुरमाखालचं पाणी

"आणि पाणी कुठं गेलं?" अंबादासबाबांनी विचारलं.

"कुठलं पाणी, बाबा?"

"इथलं."

नीलकंठ हसला. बाबा वर्षभर फिरतीवर होते, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मठामागं बाराही महिने दलदल असायची, तिथं आता पांढरंशुभ्र ध्यानमंदिर उभं होतं. नीलकंठ बाबांचा सर्वांत जुना शिष्य, धंद्यानं ठेकेदार. सगळं त्यानंच उभारलं होतं. दारावर बाबांचं नाव कोरून घेतलं होतं.

"ते कसलं पाणी, बाबा! नुसता चिखल. गवत, डास, साप. मुरूम टाकून सगळं भरून घेतलं."

"हं..."

बाबा आत गेले नाहीत. ते विहिरीकडं वळले. बादली खाली सोडली. दोर संपत आला, तेव्हा ती खडकावर आपटल्याचा आवाज आला.

"यंदा ऊन फार आहे," नीलकंठ म्हणाला. "बोअर मारून घेऊ."

"मागच्या वर्षी ऊन नव्हतं?"

नीलकंठनं रिकामी बादली वर ओढून घेतली.

"भागरता दिसत नाही," बाबा म्हणाले.

भागरता धीवरांची. त्या दलदलीत शिंगाडे लावायची आणि पहिली टोपली मठात आणून द्यायची.

"वीटभट्टीवर गेली म्हणतात. पोरांना घेऊन."

"म्हणतात?"

"...मीच सांगितलं तिला. इथं आता काही पिकायचं नाही म्हणून."

बाबांनी बागेतली कुदळ उचलली. ध्यानमंदिराच्या पायरीशी गेले आणि मुरमावर घाव घातला. मग दुसरा.

"बाबा! राग आला असेल तर मला मारा. हे कशाला?"

"राग नाही रे."

खरंच नव्हता. चेहरा नेहमीसारखाच शांत होता. पण हात म्हातारे होते, मुरूम घट्ट बसलेला. तळव्याला फोड आला, फुटला. नीलकंठला ते बघवेना. त्यानं कुदळ काढून घेतली आणि स्वतः खणू लागला.

सुरुवातीला फक्त बाबांनी थांबावं म्हणून. मग कशासाठी, ते त्यालाही कळेना.

ऊन कललं. मुरमाखाली काळी माती लागली. ओलसर. तिला कुजक्या वेलांचा वास येत होता. नीलकंठनं ती मुठीत घेतली, आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

पुढच्या घावाला पायरीचा दगड हलला.

तो थांबला.

"बाबा, असंच खणत गेलो तर हे सगळं खाली येईल."

"येईल."

नीलकंठनं वर पाहिलं. पांढऱ्या भिंती, कोरलेलं नाव. त्याचे डोळे भरून आले.

"मग आम्ही ध्यानाला बसायचं कुठं?"

बाबा खड्ड्याच्या काठाशी टेकले.

"आधी पाण्याला बसू दे."