सनईवाल्याच्या मानेचं माप

“...म्हणजे सनई बंदच ना, सर? मी त्यांना सांगूनही टाकलंय.”

डॉ. केदार उपळेकर दारातूनच विचारत होता. हातात सिद्राम गुरवांच्या मानेचे दोन एमआरआय होते, एक मागच्या वर्षीचा आणि एक आज सकाळचा.

मिरजेच्या त्या हॉस्पिटलात मुल्लासरांच्या हाताखाली शिकायला मिळावं म्हणून मुलं लांबून येत. त्यांत केदार सगळ्यांत हुशार. ही गोष्ट सरांना ठाऊक होती, आणि केदारला जरा जास्तच ठाऊक होती.

सिद्रामअण्णा बाहेर बाकावर बसले होते. गावच्या देवळात सनई वाजवण्यात त्यांचा जन्म गेला. येत्या रविवारी नातीचं लग्न होतं, आणि तिच्या मांडवात दुसऱ्या कुणी सनई वाजवावी हे त्यांना सोसण्यासारखं नव्हतं. पण केदारने सांगितलं होतं की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीची भिंत वर्षभरात जाड झाली आहे, आता गळ्यावर जोर नको.

ते ऐकून म्हाताऱ्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

“किती जाड झाली?” सरांनी विचारलं.

“मिलिमीटरचा पाचवा हिस्सा.”

“आणि तुझ्या मापाचा भरवसा किती?”

याच प्रश्नाची स्वारी वाट पाहत होती. केदारने उत्साहाने सांगितलं की मध्ये पंधरवडा जाऊ देऊन त्याने आपल्या सगळ्या रुग्णांची जुनी चित्रं पुन्हा मोजून पाहिली होती. पहिली आणि दुसरी मापं तंतोतंत जुळली होती.

“तीच चित्रं?”

“हो सर.”

“माणसं मशीनमध्ये पुन्हा झोपवली नाहीस?”

“चित्रं होती ना, सर. माणसं कशाला हवीत?”

...

सर हसले. त्यांनी केदारला नाश्ता करायला पाठवलं, आणि बोलावल्याशिवाय येऊ नकोस म्हणाले.

तो परतला तेव्हा पडद्यावर दोन माना होत्या, नावं झाकलेल्या. सर शेजारी उभे होते. का कोण जाणे, एक हात त्यांनी कमरेशी धरून ठेवला होता.

“मोज.”

केदारने मोजलं. हात सफाईदार होता, त्यात वाद नाही.

“सख्खे भाऊ दिसतात,” तो म्हणाला. “ठेवण अगदी सारखी आहे. पण डावीकडचा थोरला असणार. त्याची भिंत चांगलीच जाड आहे. अण्णांची वर्षभरात वाढली, त्याहून जास्त फरक या दोघांत आहे. थोरल्याला सांभाळायला हवं, सर.”

“सांभाळतो.”

सरांनी टेबलावरचा आपला पट्टा उचलला आणि सैल झालेल्या पँटवर सावकाश बांधला. मग घड्याळ घातलं. किल्ल्या खिशात टाकल्या.

“थोरला मी,” ते म्हणाले. “धाकटाही मीच. मध्ये मशीनमधून उठून फक्त चहा प्यालो.”

...

केदार पडद्याकडे बघतच राहिला.

मान जराशी कलली की चित्राचा छेद तिरका जातो, आणि तिरकी कापलेली काकडीची चकती जशी लांबट दिसते तशी भिंत जाड दिसते. हे त्याने परीक्षेत लिहिलं होतं, गुणही भरपूर मिळाले होते. पण आपलं माप तपासायचं तर माणसालाच उठवून पुन्हा झोपवावं लागतं, हे मात्र त्या हुशार डोक्यात आलं नव्हतं.

त्याचे कान लाल झाले. मग त्याला हसू आलं, आणि ते येतच राहिलं. सरांनाही आवरेना. हुशार माणसाला आपलं चुकलं म्हणून इतकं बरं वाटताना मी तरी क्वचितच पाहिलं आहे.

“मग अण्णांची भिंत वाढलीय की नाही, सर?”

“तू सांग.”

“...सांगता येत नाही.”

“मग त्यांना तेच सांग.”

आतापर्यंतची सगळी परीक्षा सोपी होती. केदार बाहेर गेला आणि अण्णांच्या शेजारी बाकावर बसला. वाढली असं मी म्हणालो खरा, पण तेवढा फरक नुसता मोजण्यातही पडतो, असं त्याने सांगितलं. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही, तपासायला येत राहायचं. पण सनई खाली ठेवा म्हणायला आपल्याकडे कारण उरलेलं नाही.

अण्णांचा चेहरा उजळला. मांडवात जाऊन बसल्यासारखे ते ताठ झाले. पण म्हातारा पक्का होता. इतक्या सहज विश्वास ठेवणारा नव्हता. तो दारात उभ्या असलेल्या सरांकडे वळला.

“सकाळी ह्येच डॉक्टर छातीठोक सांगत हुते. आता म्हनत्यात, मला ठावं न्हाई. म्या ऐकू तरी कुनाचं?”

सरांनी केदारकडे पाहिलं. तो मान खाली घालून हसत होता.

“आत्ताच्या डॉक्टरांचं ऐका, अण्णा,” सर म्हणाले. “सकाळचे फारच तरुण होते.”