येसबाने गळती थांबवली

वाठोली नावाच्या गावात येसबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. वय पस्तीस, अंगात ताकद बैलाची, आणि सांगितलेला शब्द कधी मोडायचा नाही. सगळी पंचाईत तिथेच होती.

त्याचे दाजी हणमंत मिस्त्री मोटारसायकली दुरुस्त करायचे. बायकोचा भाऊ म्हणून त्यांनी येसबाला त्याच्या गावाहून आणून गॅरेजात ठेवून घेतलं होतं. एकदा खर्शीकर गुरुजी आपली साठ सालची मोटारसायकल घेऊन आले. कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकत होतं.

"मिस्त्री, शनिवारी लग्नाला पन्नास वर्षं होतात," गुरुजी म्हणाले. "याच गाडीवर हिला भैरोबाच्या पाया पडायला नेलं होतं. परवा पुन्हा न्यायचंय. पुढच्या महिन्यात मुलगा आम्हाला शहरात नेणार. तिथे गाडी ठेवायला जागा नाही. म्हणजे ही शेवटचीच फेरी. आणि किक मीच मारणार, दुसऱ्या कुणी पाय लावायचा नाही."

"बिनघोर राहा," मिस्त्री म्हणाले. येसबाला सांगितलं, "पेट्रोल सांडू देऊ नकोस," आणि ते जेवायला गेले.

येसबाने खाली वाटी लावली. वाटी भरली की टाकीत ओतायची, पुन्हा लावायची. मिस्त्री आले तेव्हा चाळीस वाट्या झाल्या होत्या.

"अरे, वाटी काय लावतोस? गळताना दिसलं की आधी टाकीखालचा कॉक बंद करावा. गाडी थांबली की कॉक बंद, एवढं डोक्यात ठेव."

"बरं, दाजी."

संध्याकाळी गावाच्या नळाला पाणी आलं. बायका रांगेत हंडे घेऊन उभ्या. तोटी जरा ठिबकत होती. येसबाने जाऊन पाण्याच्या टाकीखालचा मोठा कॉकच बंद केला, आणि आख्ख्या गावाचं पाणी गेलं. बायकांनी त्याला असं काही फैलावर घेतलं की बिचारा हंड्यामागे लपला.

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "सगळीकडे कॉक बंद करतात होय? इकडे बघ. आत काही अडकलं असलं तरी गळतं. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके दोन ठोके द्यावेत. अडकलेलं सुटतं."

"बरं, दाजी."

शुक्रवारी सकाळी गुरुजी चौकशीला आले. त्यांना सर्दी झाली होती, नाक गळत होतं. येसबाने त्यांना पाटावर बसवलं आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टाळूवर दोन ठोके दिले. हलकेच दिले, पण टोपी डोळ्यांवर आली.

"गुरुजींना ठोकलंस?" मिस्त्री ओरडले.

"थांबलं की," येसबा म्हणाला. खरंच थांबलं होतं. गुरुजी शिंकायचंसुद्धा विसरले होते.

मिस्त्रींनी गुरुजींची माफी मागितली. मग कार्बोरेटर उघडून त्यातला फ्लोट काढला. फ्लोट म्हणजे पितळेची पोकळ डबी. ती पेट्रोलवर तरंगते आणि भरलं की येणारं पेट्रोल अडवते. मिस्त्रींनी ती कानाशी हलवली. आत चुळचुळ वाजलं. गरम पाण्यात बुडवली, तर एका जागेवरून बुडबुडे आले.

"हे बघ भोक. म्हणून ही बुडत होती," मिस्त्री म्हणाले आणि त्यावर डाखाचा, म्हणजे वितळलेल्या कथलाचा, थेंब सोडून ते बुजवलं. "गळतीचं मूळ म्हणजे भोक. दिसलं की बुजवायचं, एक ठेवायचं नाही. मी तालुक्याला जाऊन येतो. तू सगळं पुसून जोडून ठेव. उद्या गाडी सुरू झाली नाही, तर तू तुझ्या गावी."

येसबा घाबरला. मनापासून कामाला लागला.

शनिवारी सकाळी गाडीखालचा कागद कोरडा ठणठणीत होता. मिस्त्रींनी त्याची पाठ थोपटली. गुरुजींच्या पत्नी अनसूयाकाकू हिरवं लुगडं नेसून, नैवेद्याचा डबा घेऊन मागे बसल्या. दुपारच्या आरतीआधी पोचायचं होतं. गुरुजींनी किक मारली. पंधरा वेळा मारली. गाडी हूं की चूं करेना. काकूंचा चेहरा उतरला.

"येसबा, धक्का मार," मिस्त्री म्हणाले. "सुरू होईपर्यंत सोडायची नाही."

"बरं, दाजी."

येसबाने कॅरिअर धरलं आणि गाडी वळणापलीकडे गेली. आता होईल सुरू, म्हणून मिस्त्री चहा गाळायला बसले. चहा गाळणीतून उतरेना. त्यांनी पितळी गाळणी उजेडात धरली. एकूण एक भोकावर डाख होता.

कार्बोरेटरमधल्या पितळी जेटनाही बारीक भोकंच असतात, आणि पेट्रोल त्यातूनच इंजिनात जातं. येसबाने तीही बुजवली असणार! भंगारातला एक धड कार्बोरेटर उचलून मिस्त्री पळत सुटले.

"येसबा, थांब रे!"

"अजून सुरू नाही झाली, दाजी!"

तीन किलोमीटर हेच चाललं. भैरोबाच्या पायऱ्या लागल्या तेव्हा कुठे गाडी थांबली. आरती सुरूच होत होती.

"गाडी छान केलीत हो, मिस्त्री," काकू उतरून म्हणाल्या. "हिसके नाहीत, धूर नाही. फक्त तो जुना आवाज तेवढा ऐकायचा होता."

ते ऐकून मिस्त्रींना फार वाईट वाटलं. दोघं देवळात गेली आणि मिस्त्रींनी तिथेच धुळीत बसून कार्बोरेटर बदलला. पाया पडून आल्यावर गुरुजींनी किक मारली. काही नाही. मिस्त्रींनी कार्बोरेटर पुन्हा खोलला, फुंकला, बसवला. काही नाही. ऊन कलायला लागलं. काकू डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसून होत्या.

"आत पेट्रोलच येत नाही," मिस्त्री रडकुंडीला येऊन म्हणाले.

"येईल कसं?" येसबा म्हणाला. "गाडी थांबली तेव्हाच मी कॉक बंद केला. डोक्यात ठेवलं होतं."

मिस्त्रींनी कॉक उघडला. गुरुजींनी एक किक मारली आणि गाडी धडधडायला लागली. काकू हसल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले. मागे बसून त्यांनी गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला. गुरुजींनी गिअर टाकला, पण गाडी जागची हलेना.

मिस्त्रींनी मागे जाऊन पाहिलं. येसबा दोन्ही हातांनी कॅरिअर धरून, पाय रोवून उभा होता.

"अरे, सोड ना!"

"सुरू झाली का, दाजी?" येसबाने विचारलं. "धक्का मारायला लागल्यापासून एक हात तरी हिच्यावर ठेवलाय. मघाशी काकूंनी प्रसाद दिला, तोसुद्धा तोंडातच घेतला."