गोदाक्काचं लिंपलेलं कोठार

फार मागं, जनावरं बोलायची आणि माणसं गप्प बसायची, अशा शहाण्या काळातली ही गोष्ट. ओढ्याकाठी गोदाक्का नावाची घूस राहायची. पुराच्या दिवसांसाठी तिनं बिळाच्या वरच्या अंगाला कोठार खणलं, ज्वारीनं गच्च भरलं आणि त्याचं तोंड चिखलानं लिंपून टाकलं.

"अक्का, वर्षातून एकदा फोडून ऊन दाखवा," शेजारच्या बिळातली साळू म्हणाली. "जुनं खावं, नवं भरावं."

"तुला वास घ्यायचाय माझ्या ज्वारीचा!" गोदाक्का फिसकन हसली. "अगं खादाडे, अडीअडचणीचं कुणी उघडतं का?"

तीन सुग्या ती नवी ज्वारी खात राहिली. जुनीला हात लावला नाही, येता-जाता लिंपण मात्र लेकरासारखं थोपटायची.

चौथ्या वर्षी तिला तीन पिलं झाली आणि लगेच पूर आला. साळू वेळेवर टेकडीवर पळाली. गोदाक्का ऐटीत घरीच बसली. चारी बाजूंनी पाण्यानं वेढल्यावर म्हणाली, "बघा रे आता आईची करामत!" आणि तिनं लिंपण फोडलं.

आतून नुसता भुसा सांडला. भुशात एक जाडजूड सोंडकिडा ढेकर देत बसला होता.

"या अक्का," तो म्हणाला. "तुमच्या राखणीत आमच्या पिढ्यान् पिढ्या सुखानं वाढल्या बघा. तुमची पोरं किती?"

"तीन," गोदाक्का कशीबशी म्हणाली.

आठ दिवसांनी पाणी उतरलं. साळू परत आली आणि तिनंही पोरांची खुशाली विचारली. गोदाक्कानं एकालाच पुढं केलं.