बंद ट्रेलर आणि उस्तादांची फुंकर

“ते सगळं खरं, उस्ताद. पण आठ सिलिंडरची घेऊ की सहा, एवढंच सांगा.”

उस्ताद दस्तगीर शेंगा फोडत होते. त्यांनी दोन दाणे तोंडात टाकले आणि टरफल बाजूला ठेवलं.

मिरजेच्या बाहेर, माळाच्या उतारावर त्यांचा तकिया होता. फकिराचं घर ते केवढं असणार? एक खोली, एक चूल आणि दारात लिंब. अर्धं आयुष्य त्यांनी बाजाराच्या गावांतून जादूचे खेळ केले होते. एक सतरंजी, तीन वाट्या आणि तळहाताएवढा आरसा. सगळा पसारा खांद्यावरच्या झोळीत मावायचा.

समोर बसला होता त्यांचा शिष्य प्रल्हाद हंकारे. पोस्टरवर तो ‘जादूगार प्रलयराज’ होता. त्याचा पसारा लिंबाखाली उभा होता. पत्र्याचा, चारी बाजूंनी बंद, बसएवढा लांब ट्रेलर. त्यावर प्रल्हादचा चेहरा रंगवलेला होता आणि मिशा पार दारापर्यंत गेल्या होत्या. दार उघडलं की डावी मिशी मोडायची.

हा ट्रेलर इथवर आणायला वीटभट्टीवरचा ट्रॅक्टर मागून घ्यावा लागला होता. प्रल्हादच्या जुन्या डिझेल टेम्पोनं मान टाकली होती.

म्हणून आता त्याला पिकअप घ्यायचा होता. तोही पेट्रोलचा.

“पेट्रोलचाच का?” उस्तादांनी विचारलं.

प्रल्हादनं सांगितलं ते असं. टेम्पोचा धूर चढावर ट्रेलरात शिरायचा. मागच्या वर्षी इचलकरंजीच्या खेळात त्यानं भरल्या सभागृहात टोपीतून कबूतर काढलं, तर ते झोपलेलं निघालं. हलवलं तरी उठेना. लोक हसले. त्या दिवसापासून कबुतरांचा पिंजरा पुढे, त्याच्या शेजारच्या सीटवर आला आणि पुढची गाडी डिझेलची नको, हे ठरलं.

त्या ट्रेलरात त्याची बायको शैलाही होती. ती दोन दिवस खोकत होती. पण तिच्या खोकल्यावरून कुठलाही निर्णय झाला नाही.

शैला आत्ता उंबऱ्याशी बसली होती. मांडीवर कापडी पिशवी होती. प्रल्हादला वाटलं, पिशवीत डबा आहे. पिशवीत चार साड्या होत्या. परवा आंबा घाट उतरून रत्नागिरीला खेळासाठी जायचं होतं. उस्तादांनी या पिकअपला हो म्हटलं, तर ती इथूनच विट्याच्या एसटीत बसणार होती, माहेरी. तिनं हे नवऱ्याला सांगितलंही होतं. नवरा तेव्हा फोनवर इंजिनाचे आवाज ऐकत होता.

आता, जादूगाराला गाडी घ्यायची तर तो फकिराला का विचारतो, असं कुणी म्हणेल. तर या घराण्याची एक रीत आहे. खेळात नवी वस्तू आली, मग ती सुई असो की पिंजरा, उस्तादांनी तिच्यावर फुंकर घातल्याशिवाय ती वापरायची नाही. ट्रेलर घेतला तेव्हा उस्ताद दवाखान्यात होते. ती फुंकर राहिली ती राहिलीच. प्रल्हाद गर्विष्ठ होता, पण रीतीला पक्का होता. ट्रेलरची आणि पिकअपची, दोन्ही फुंकरा एकदमच उरकाव्यात असा त्याचा बेत होता.

त्यानं फोन पुढे केला.

“हा बघा. दुबईहून आणलेला आहे, कोल्हापुरात एकाकडे. आठ सिलिंडर. आवाज ऐका.”

उस्तादांनी आवाज ऐकला.

“आणि हा पुण्याचा. सिलिंडर सहाच, पण दोन टर्बो. बंद ट्रेलर वारा खातो, उस्ताद. उघड्या ट्रॉलीसारखं नसतं ते. हवेची भिंत ढकलत जायचं. शिवाय ट्रेलरचं नाक हुकावर दाबतं, त्याचा हिशेब वेगळा. त्याला ताकद लागते.”

“हं.”

“दोघांत ताकद कुणाची जास्त, हे मला कळतंय. पण मन ठरत नाही. तुम्ही एकाच्या फोटोवर फुंकर घाला. तो मी घेतो.”

“फोटोवर फुंकर घातली तर फोटो पळंल, गाडी न्हाई,” उस्ताद म्हणाले.

प्रल्हाद नम्रपणे हसला. गुरूचा विनोद होता, हसणं भाग होतं.

“ट्रेलरात काय हाय?”

हा प्रश्न प्रल्हादच्या आवडीचा होता. तो सांगू लागला. करवतीची पेटी. तलवारींची टोपली. पाण्याची टाकी. हत्ती गायब करायचा लोखंडी सांगाडा, हत्ती अजून मिळायचा होता. आणि सगळ्यांत मोलाचा, माणसाच्या उंचीचा आरसा. त्याच्यामागे शैला उभी राहिली की लोकांना पेटी रिकामी दिसायची. असा आरसा बनवणारा कारागीर आता हयात नव्हता.

“फुटत न्हाई प्रवासात?”

“कसा फुटेल? शैला धरून बसते ना आत.”

उस्तादांचा हात शेंगांवर थांबला.

“आत? रस्त्यानं जाताना?”

“तुमचीच शिकवण, उस्ताद. आरसा कधी बांधू नये, हातात धरावा.”

“अरं बाबा,” उस्ताद म्हणाले, “मी तळहाताएवढ्या आरशाचं बोललो हुतो.”

“गुरुवचन ते गुरुवचन,” प्रल्हाद म्हणाला. “त्यात लहानमोठं मी बघत नाही.”

उस्तादांनी शैलाकडे बघितलं. शैलानं पदरानं तोंड पुसलं आणि दुसरीकडे बघितलं. राग आला की ती तोंड पुसते, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही प्रल्हादला ठाऊक नव्हतं.

उस्ताद उठले आणि टरफलं गोळा करून चुलीपाशी टाकून आले.

“ओढणारा कुठला घ्यायचा, ते मागनं. आधी ओढायचं काय ते बघतो. चालत्या ट्रेलरवर फुंकर घालीन. त्याला उतारावरनं वर घे, खाली घे. रोज जसा जातोय तसा. आरसासुद्धा तसाच, धरलेला.”

प्रल्हाद खूश झाला. ट्रॅक्टरवाला ईश्वरा लिंबाखाली टेकला होता, त्याला त्यानं उठवलं. ईश्वरानं ट्रॅक्टर सुरू केला आणि त्यावरचा गाण्यांचा डबाही सुरू केला. त्याचं म्हणणं, गाण्याशिवाय ट्रॅक्टर चढ घेत नाही.

“शैला, बस आत.”

“म्या न्हाई बसायची.”

“अगं, उस्तादांसमोर असं...”

“उस्तादांसमोरच सांगते. म्या आता त्या डब्यात न्हाई बसायची.”

प्रल्हाद ओशाळला. रुसलीय, असं काहीतरी पुटपुटला. बायकांना यंत्रातलं कळत नाही, असंही म्हणणार होता, पण तिचा चेहरा बघून गप्प बसला.

“ऱ्हाऊ दे,” उस्ताद म्हणाले. “मी बसतो.”

त्यांनी लुंगी वर खोचली, काठी लिंबाला टेकवली आणि ट्रेलरच्या पायरीवर पाय ठेवला. गुडघा कटकन वाजला. ऐंशीच्या घरातला म्हातारा दाराचा दांडा धरून वर चढायला लागला.

प्रल्हाद धावत पायरीशी आला. उस्ताद डब्यात आणि शिष्य बाहेर. हे कुणाच्या कानावर गेलं तर जादूगारांच्या जमातीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

“उतरा, उस्ताद. काय हे... मी बसतो.”

“बसतोस? बघ बाबा. मला काय, मी बसलो असतो.”

प्रल्हाद आत गेला. करवतीची पेटी आणि पाण्याची टाकी यांच्यामधल्या फटीत अंग घालून त्यानं आरसा दोन्ही हातांनी धरला. उस्तादांनी दार लावलं. बाहेरच्या प्रल्हादची मिशी सरळ झाली.

ट्रॅक्टर निघाला.

शैलानं चुलीवर चहा ठेवला. ट्रेलर माळ चढत होता, खड्ड्यातून जाताना आपटत होता. आतून काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं. गाणं मोठं होतं.

“तू आत असताना काय झालं हुतं, पोरी?” उस्तादांनी विचारलं.

शैला कपबश्या मांडत बोलली. पावसाळ्याच्या आधी आंबा घाटात टेम्पो चढताना दमला आणि ट्रेलर मागे सरकायला लागला. आत मिट्ट काळोख. किती सरकला तिला कळलं नाही, मागे दरी किती लांब आहे तेही कळलं नाही. तिनं पत्र्यावर लाथा मारल्या. दोन्ही हात आरशाला होते, म्हणून लाथा.

“मग?”

“मग कठड्याला टेकून थांबला. ह्यांनी पळत येऊन दार उघडलं.” तिनं चहात साखर टाकली आणि ढवळत राहिली. “आणि इचारलं, आरसा फुटला का.”

उस्तादांनी चहाची बशी हातात घेतली, पण प्यायले नाहीत. उठले आणि माळाच्या कडेला जाऊन उभे राहिले. ट्रेलर चढाच्या मध्यावर आला होता. त्यांनी हात वर केला.

ईश्वरानं ट्रॅक्टर उभा केला. ट्रेलर मागे ओढ घ्यायला लागला. ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवरून किंचित सुटली, ईश्वरानं तोंडानं देवाचं आणि पायानं ब्रेकचं नाव घेतलं. ट्रेलर हातभर मागे आला, थांबला. मग आणखी हातभर आला. आतून धाड धाड आवाज येत होता. आता तो गाण्याच्या वर ऐकू आला.

शैला पळत आली. तिनं आधी एक दगड ट्रेलरच्या चाकामागे टाकला, मग दुसरा. दगड कुठे टाकायचे ते तिला बरोबर माहीत होतं. ट्रेलर दगडांवर बसला आणि ईश्वरानं गाणं बंद केलं.

उस्तादांनी मागोमाग येऊन दार उघडलं. त्यांनी आत डोकं घातलं.

“आरसा फुटला का?”

प्रल्हाद पेटी आणि टाकीच्या मधे बसला होता. कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. दोन्ही हातांनी आरसा तसाच धरलेला होता.

त्यानं उस्तादांकडे बघितलं. उस्ताद आरशाकडे बघत होते.

मग त्यानं त्यांच्या खांद्यावरून मागे बघितलं. मागे शैला उभी होती, हात मातीचे, धापा टाकत होती.

त्यानं आरसा टाकीला टेकवून ठेवला.

तो दाराचा दांडा धरून खाली उतरला. शैलानं त्याला दगडावर बसवलं, टेंगळावर पदराचा बोळा दाबला. त्यानं तिचा हात धरला आणि धरूनच ठेवला. चारचौघांत बायकोचा हात धरण्याची त्याची ही पहिलीच वेळ असावी, कारण शैलाच जास्त गोंधळली.

“तू... दर वेळी?” त्यानं विचारलं.

तिनं मान डोलावली. या वेळी तोंड पुसलं नाही.

उस्ताद जवळ आले. त्यांनी वाकून प्रल्हादच्या टेंगळावर हलकेच फुंकर घातली, लहान पोराला घालतात तशी.

“झाली फुंकर,” ते म्हणाले. “चहा निवला.”

तिघं तकियाच्या दारात बसले. ईश्वरा लांबूनच बशी घेऊन गेला. तो अजून देवाचं नाव घेत होता. प्रल्हादनं चहा संपवला, बशी खाली ठेवली. फोन खिशातून काढला. दुबईच्या पिकअपचा फोटो उघडला आणि बघत बसला. मग हळूच, पहिल्यांदाच शाळेत आलेल्या पोरासारखं त्यानं विचारलं,

“उस्ताद... ह्याचे ब्रेक कसे असतील? आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक बसवता येतात का?”

सकाळपासून तो गाड्यांवर बोलत होता. ब्रेक हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही आला नव्हता.

शैलानं पुन्हा मांडीवर घेतलेली पिशवी खाली ठेवली.

उस्तादांनी नव्या शेंगेचं टरफल फोडलं. आत तीन दाणे निघाले. एक प्रल्हादला दिला, एक शैलाला.

“मला काय इचारतोस? मी जन्मभर चालत फिरलो,” ते म्हणाले. “आत बसणारीला इचार.”