बसलेल्यांची विहीर

फार मागे, शूर्पारक बंदरावर शतधन्वा राजाचा अंमल असताना बोधिसत्त्व विहिरी खणणाऱ्यांच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव सुदंत. त्याच्या हाताखाली अकरा गडी होते. त्यांत सगळ्यात उतावळा होता त्याचा धाकटा भाऊ तिंबरू.

तिंबरूच्या मनात एकच ध्यास होता. पाणी लागल्यावर पहिला घडा ज्याच्या हातून वर येई, त्याचे नाव विहिरीला मिळे. तशी रीतच होती. शूर्पारकात सुदंताच्या नावाच्या नऊ विहिरी होत्या. तिंबरूच्या नावाचा साधा हौदही नव्हता.

अशात समुद्रापलीकडच्या एका बेटाचा दूत बंदरात आला. तिथले पाणी खारट, आणि राजाला नव्या नगरासाठी गोड्या पाण्याची विहीर हवी होती. चैत्राच्या पौर्णिमेआधी पाणी लागले, तर मजुरीवर सोन्याची कुदळ मिळणार होती. तिंबरू त्याच पावली घरी गेला आणि गाठोडे बांधू लागला.

सुदंताने मात्र काहीच बांधले नाही. तो बंदरावर फिरू लागला. बेटावर जाऊन आलेली माणसे त्याला तिथल्या नारळांच्या, मोत्यांच्या गोष्टी सांगत. तो सगळे ऐकून घेई आणि मग विचारी, "आणि जे परत आले नाहीत, त्यांचं काय झालं?"

एक म्हातारा नाखवा हसून म्हणाला, "याला लग्नाला बोलवा. हा आधी विचारेल, मांडव कुणाच्या डोक्यावर पडला होता."

मागे उभ्या तिंबरूचे कान लाल झाले.

शेवटी दोघे भाऊ खेमा नावाच्या विधवेकडे गेले. तिचा नवरा पाथरवट होता आणि बेटावरच वारला होता. टोपली विणता विणता ती म्हणाली, "वादळानं नाही नेलं त्यांना, वाघानंही नाही. तिथलं ऊन ओलं असतं म्हणे. हे इथल्यासारखेच भर दुपारी राबले. तहान लागली की दिसेल त्या डबक्याचं पाणी प्यायले. मग ताप चढला. तिथल्या भाषेत यांना सोनं, तांदूळ आणि विडा एवढेच शब्द येत होते. बरं वाटत नाही, हे सांगणार कसं? आणि सोबत्यांना सांगायची लाज."

सुदंताने तिला हात जोडले आणि तो उठला.

दुसऱ्या दिवशी त्याने दूताला आपले म्हणणे सांगितले. भर दुपारी काम नाही. पाणी उकळलेलेच. जवळ एक वैद्य हवा. कुणी आजारी पडला, तर तो उठेपर्यंत कुणीही विहिरीत उतरणार नाही.

दूत म्हणाला, "मी विहीर खणणारे मागितले होते, जावई नव्हे."

सुदंतालाही हसू आले. "महाराज, अनोळखी विहिरीत आम्ही आधी दिवा सोडतो. तो विझला, तर माणूस उतरत नाही. तुमचा देश आम्हाला अनोळखीच आहे. समजा, मी दिवा सोडून बघतोय."

दूत भला माणूस होता. त्याने मान्य केले.

एका खलाशाची बायको त्या बेटावरची होती. निघेपर्यंत रोज सकाळी ती बाराही जणांना अंगणात बसवून बोलायला शिकवी. पहिला धडा होता 'लोमे ताका', म्हणजे मला बरं नाही. एकेकाने उठून कण्हत कण्हत तो म्हणून दाखवायचा. तिंबरूच्या तोडीचे कुणी नव्हते. तो पोट धरून जमिनीवर लोळे, डोळे फिरवी आणि असा विव्हळे, की बायका हसून बेजार होत.

त्याची बायको उत्पला म्हणाली, "घरी काम सांगितलं की हेच करतात. फक्त भाषा आपली असते."

बेटावर पोचल्यावर काम मार्गी लागले. गडी पहाटे खणत, दुपारी सावलीत झोपत, ऊन उतरले की पुन्हा खणत. रोज सकाळी सुदंत एकेकाला तब्येत विचारी. विहीर पंधरा पुरुष खोल गेली. पौर्णिमेला तीन दिवस उरले, तेव्हा सुदंताने वर आलेली वाळू मुठीत दाबली आणि म्हणाला, "हातभर राहिलंय."

दुसऱ्या दिवशी उतरायची पाळी तिंबरूची होती. सकाळी तो उठला तो अंग मोडून आलेले, उन्हातही हुडहुडी भरलेली. त्याने ठरवले, एवढा एक घडा वर येऊ दे, मग हवे तेवढे झोपू. सुदंताने विचारल्यावर त्याने ठणठणीत असल्याचे सांगितले.

काठावर त्याने कमरेला दोर बांधला. दोराचे दुसरे टोक सोबत्यांच्या हातात होते. तिंबरूने त्यांच्याकडे पाहिले. आपल्याला खाली भोवळ आली, तर यांतला कुणीतरी मागोमाग उडी घेईल आणि त्याच्यामागे आणखी कुणी. ती माणसेच तशी होती. त्याने कुदळ खाली ठेवली.

"लोमे ताका," तो म्हणाला.

सगळे खो खो हसले. वप्पक नावाचा गडी म्हणाला, "अरे, डोळे फिरव की. त्याशिवाय मजा नाही."

सुदंत हसला नाही. त्याने भावाच्या कपाळाला हात लावला आणि स्वतः त्याच्या कमरेचा दोर सोडला. "आज काम बंद," तो म्हणाला.

तिंबरू काकुळतीला आला. "दादा, हातभरच राहिलंय. तू उतर. नाव तुझंच लागू दे."

"विहिरी नऊ आहेत माझ्या नावाच्या. भाऊ एकच आहे."

वैद्याने काढा दिला. अकराही जण पाळीपाळीने पेज भरवीत, कपाळावर ओल्या घड्या ठेवीत. पौर्णिमेला राजा वाजतगाजत आला, तर सावलीत एकजण निजलेला आणि अकराजण त्याच्याभोवती बसलेले.

"पाणी कुठे आहे?" राजाने विचारले.

"हातभर खाली, महाराज."

"मग बसलात का?"

सुदंताने सगळे सांगितले. शेवटी म्हणाला, "कुदळ आपल्याकडेच राहू द्या. आमची मुदत टळली."

राजा तिंबरूजवळ गेला. मग म्हणाला, "माझ्या बेटावर कामावर मेलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. अशी बसलेली आजच पाहतोय." सोन्याची कुदळ वाड्यात परत गेली. पण दुसऱ्या दिवसापासून दुपार झाली की नगारा वाजू लागला आणि बेटावरचा प्रत्येक मजूर सावलीत बसू लागला.

आठव्या दिवशी तिंबरू उठून उभा राहिला. अंगात पुरते बळ आल्यावर तो विहिरीत उतरला, आणि पहिला घडा त्याच्याच हातून वर आला. पाणी गोड होते. लोक भोवती नाचले. पण एवढे दिवस जाता-येता त्यांनी जे पाहिले होते, त्यावरून विहिरीचे नाव कधीच पडून गेले होते: बसलेल्यांची विहीर. तिंबरू दोन दिवस लोकांना आपले नाव समजावत होता. लोक माना डोलवीत आणि विचारीत, "बसलेल्यांपैकी तू कोणता?" शेवटी त्याचे त्यालाच हसू आले.

शूर्पारकाच्या धक्क्यावर बाराही जण उतरले. उत्पलेने नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले आणि विचारले, "मग? लागलं का नाव?"

"लागलं," तिंबरू म्हणाला. "बाराजणांचं."

अंगातला ताप लपवून दूरच्या प्रांताकडे निघालेल्या एका तरुण भिक्षूला थांबवून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा तिंबरू म्हणजे आजचा हा भिक्षू. याचा ताप ओळखून मला सांगायला आलेला त्याचा सोबती हा तेव्हाचा वप्पक. या खेपेला तो हसला नाही. आणि सुदंत मीच होतो." सावधपण आणि मैत्री यांना शास्त्यांनी वेगळे मानले नाही. त्या दोहोंना मिळून त्यांनी अप्रमाद म्हटले. तो भिक्षू बरा होईपर्यंत विहारातच राहिला.