मेंढीचा दिलासा

माणूस रेशीम काढायला नुकता शिकला होता, तेव्हाची गोष्ट. गोठ्यातल्या टोपलीत एक रेशीमकिडा होता. मालक त्याला तुतीचा कोवळा पाला घालायचा, अंगावर मुंगी चढू द्यायचा नाही. किड्याला या लाडांचाच संशय यायचा.

“एवढं फुकट कोण करतं?” त्याने शेजारच्या मेंढीला विचारलं.

“उगाच भितोस. माझी लोकर कातरली, तेव्हा मीही थरथरले. पण सोडूनच दिलं ना मला!”

“तुझी लोकर पुन्हा वाढते, म्हणून. कोष विणून झाल्यावर आमच्यातला एक तरी इथून बाहेर पडलेला पाहिलास?”

मेंढी आठवू लागली. तिची नजर अंगणातल्या चुलीकडे गेली. मालक उकळत्या पाण्यात मागच्या खेपेचे कोष सोडत होता.

“सांग की,” किडा म्हणाला.

मेंढीने मान फिरवली. किड्याच्या तोंडातून पहिला धागा केव्हाच सुटला होता.